पापणीला धग लागू नये म्हणून

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे मांडवांची गडबड सुरू होते आणि या सदराच्या टपालाचा रंगही पालटतो. गाभण म्हशीची आणि कोंबड्यांच्या रोगांची पत्रे मागे पडतात. रुखवत, मानपान आणि नवरीचा शृंगार यांची पत्रे वर येतात. त्यांतलेच एक पत्र आज उत्तरासाठी घेतले आहे. दुष्काळी भागातल्या एका आईने ते लिहिले आहे.

थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी तालुक्याच्या गावाहून पार्लरवाली बोलावली होती. तिने आदल्या दिवशी मुलीच्या पापण्यांना एकेक केस चिकटवून त्या लांब केल्या आणि लग्नाच्या सकाळी तापल्या चिमट्याने कपाळावरच्या बटा वळवल्या. नवरी मांडवात आली तेव्हा उजव्या डोळ्याच्या पापण्यांची टोके वाकडीतिकडी होऊन एकमेकांत गुंतली होती आणि डोळ्याला धार लागली होती. बायका म्हणाल्या, माहेर सुटते म्हणून पोर रडते आहे. ती रडत नव्हती. तिचा डोळा चुरचुरत होता आणि ते कोणाला सांगायची ती वेळ नव्हती. आता धाकटीचे लग्न वैशाखात आहे. तिलाही तशाच पापण्या हव्यात. आई विचारते, "नको म्हणू की करू देऊ? आणि करू दिले तर काय सांभाळू?"

नको म्हणा, असे मी सांगणार नाही. लग्नातली हौस लग्नातच होते. पुढे कोण विचारतो? पण या पापण्यांचे आणि धगीचे वैर आहे, आणि आपल्या लग्नघरात धग कुठे नाही? पार्लरच्या चिमट्यात आहे, ड्रायरमध्ये आहे, न्हाणीच्या बंबात आहे, होमकुंडात आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या चुलीतही आहे. शहरातल्या मुलीने दोन वस्तू सांभाळल्या की तिचे भागते. आपल्या मुलीला पाच ठिकाणी सांभाळावे लागते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. बाजारात मिळणाऱ्या या पापण्या पुष्कळदा पॉलिएस्टरच्या जातीच्या असतात. त्या प्लास्टिकचे लांबलचक नाव पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट. आपल्या सिंथेटिक साडीच्या धाग्याचे ते चुलतभावंडच. मिंक किंवा रेशीम असे नाव लावून विकतात त्यांतही बहुतेक वेळा हाच धागा असतो. धागा सरळ असतो. त्याला बाक आणण्यासाठी तो गुंडाळून तापवतात आणि तसाच थंड होऊ देतात. म्हणजे पापणीचा तो डौलदार बाक धगीनेच आलेला असतो. जे धगीने आले ते धगीनेच जाते. हा धागा पुरता वितळतो सुमारे २२५ अंश सेल्सियसला, पण त्याच्या कितीतरी आधीच तो मऊ पडून आकार सोडतो. सिंथेटिक साडीवर गरम इस्त्री टेकली की कापड कसे आक्रसते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. केस वळवायचा चिमटा किंवा केस सरळ करायची इस्त्री साधारण १५० ते २३० अंशांपर्यंत तापते. आता हा चिमटा कपाळावरच्या बटेला लावला तर पापणीपासून किती बोटांवर राहतो, ते तुम्हीच मोजा.

आपला स्वतःचा केस जास्त तापला तर करपतो, पण वितळत नाही. प्लास्टिकचा केस वितळतो आणि शेजारच्या केसाला चिकटतो. पत्रातल्या मुलीच्या पापण्या गुंतल्या त्या बहुधा अशाच. चार-पाच पापण्यांचा मिळून असा गठ्ठा झाला की दर उघडझापीला तो मुळाशी ओढतो.

दुसरी गोष्ट डिंकाची. एकेक केस ज्या डिंकाने चिकटवतात तो सायनोॲक्रिलेट जातीचा असतो. तुटलेले खेळणे किंवा चपलेचा अंगठा चिकटवायला दुकानात छोटी नळी मिळते, ती याच घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमबाजीच्या भिंगांसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्या खटपटीत हे रसायन हाती आले. ते जिथे तिथे चिकटते म्हणून त्यांनी तेव्हा ते बाजूला ठेवले. १९५८ साली तेच डिंक म्हणून विक्रीला आले. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होते. पापण्यांसाठी याचा वेगळा, त्या कामापुरता बनवलेला डिंक येतो. एक केस निसटला म्हणून घरातली ती छोटी नळी कोणी डोळ्याजवळ नेऊ नये. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लग्नघरात घाईच्या वेळी सुचू नये ते सुचते.

हा डिंक वरवर लगेच वाळला तरी पुरता मुरायला वेळ घेतो. म्हणून पापण्या लावल्यावर निदान एक दिवस-रात्र त्यांना पाणी, वाफ आणि धग लागू देऊ नये असा साधा नियम आहे. नंतरही गरम वाफ आणि तेल यांनी त्याची पकड सैल होते. वाफाऱ्याच्या भांड्यावर तोंड धरले की सर्दी सुटते, तशाच या पापण्याही सुटतात. शिवाय ताज्या डिंकाचा उग्र दर्प धगीने वाढतो आणि डोळ्याला झोंबतो.

आता थोडे विषयांतर करते. केसांना धग देणे आणि पापण्या खोट्या लावणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या दुकानात भेटल्या होत्या. कार्ल नेसलर हा जर्मनीतला केशभूषाकार लंडनला येऊन राहिला. १९०२ साली त्याने कृत्रिम भुवया आणि पापण्या बनवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्याच माणसाने १९०६ साली लंडनमध्ये केस कायमचे कुरळे करण्याचे विजेचे यंत्र लोकांना दाखवले. पितळेच्या जड नळ्यांवर केस गुंडाळायचे, त्या नळ्या शंभर अंशांच्या वर तापवायच्या आणि डोक्याला टेकू नयेत म्हणून छताच्या झुंबराला टांगायच्या, असा तो थाट. एका डोक्याला सहा तास लागत. सुरुवातीला केसांना गाईचे मूत्र आणि पाणी लावत असे सांगतात, म्हणजे आपल्या गोठ्याचाही त्यात हातभार. आणि पहिले प्रयोग कोणावर? स्वतःच्या बायकोवर! पहिल्या दोन खेपेला तिचे केस जळून गेले. त्या बाईंचे नाव काटारीना. कुरळ्या केसांच्या इतिहासात नवऱ्याचे नाव मोठे आहे. चटके खाणारीचे कोणी काढत नाही.

त्याच्याही आधी, १८७२ च्या सुमारास, पॅरिसमधल्या मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची रीत काढली. तेव्हा चिमटा ज्योतीवर तापवत आणि पांढऱ्या कागदावर टेकवून पाहत. कागद पिवळा पडला तर चिमटा फार तापला समजायचे. ही परीक्षा आजही खोटी नाही. विजेच्या चिमट्यावर आकडे असतात, पण स्वस्तातल्या चिमट्याच्या आकड्यावर विसंबू नये. बटेला लावण्यापूर्वी कागदाला लावून पाहायला पार्लरवालीला सांगा. ती हसेल, हसू दे.

तर मग काय करावे? सगळ्यात सोपी वाट कामाच्या क्रमाची आहे. केसांचे तापवायचे काम आधी, पापण्या शेवटी. ज्या पट्टीच्या पापण्या येतात, त्या तासाभरात लावून रात्री काढता येतात. त्या केशरचना, हळद, न्हाणे, सगळे आटोपल्यावर लावाव्या. चिमटा बाजूला ठेवून थंड झाला, मगच पापणीची डबी उघडायची. माझे मत विचाराल तर चूल असलेल्या घरी जाणाऱ्या मुलीला या पट्टीच्या पापण्याच बऱ्या. फोटो उत्तम येतात आणि दुसऱ्या दिवशी भाकरी भाजताना डोळ्यावर काही नसते. होमापुढे मात्र त्याही सांभाळाव्याच लागतात. त्यांचा डिंक वेगळा, बहुधा रबराच्या चिकाचा असतो. तो अंगाला सोसतो का, ते दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून पाहावे. चिकटवायच्या पापण्यांचीही अशीच परीक्षा आधी घ्यावी. दोन-चारच केस लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, सूज, लाली आली तर तो नाद सोडावा.

मुलीला एकेक केस चिकटवलेल्याच हव्या असतील, तर हळदीचा मेळ आधी बसवा. इथे खरी अडचण आहे. हळदीत तेल असते आणि हळदीनंतर गरम पाण्याचे न्हाणे असते; दोन्ही या डिंकाला वाईट. हळद आणि लग्न यांत दोन दिवसांचे अंतर असेल तर न्हाण्यानंतर पापण्या लावाव्या. हळद आदल्या संध्याकाळी असेल तर पापण्या त्याच्या दोन दिवस आधी लावून घ्याव्या आणि हळद लावणाऱ्या सुवासिनींना सांगावे की गालापर्यंतच हात न्या, डोळ्याच्या वर नको. एखादी आजी रागावेल. तिला सांगावे, डोळ्यात हळद जाते म्हणून.

डोके आदल्या संध्याकाळी धुवून केस अंगणात मोकळे सोडून वाळू द्यावे. आपल्याकडे लांब केसांना शेगडीवर धूप-ऊद टाकून धुरी द्यायची पद्धत आहे. ती या वेळी नको. धूर आणि धग दोन्ही वर तोंडाकडे येतात. मेंदी रंगावी म्हणून तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरतात. हात धरावेत, पण तोंड बाजूला वळवून. तिथे मैत्रिणी खाली वाकून पाहायला सांगतात आणि डोळा नेमका तव्यावर येतो.

बटांना वळण हवे असेल तर धगीवाचूनही येते. ओलसर केसांच्या चार-सहा घट्ट वेण्या घालून निजायचे किंवा बटा सुती चिंध्यांवर गुंडाळून बांधायच्या. सकाळी सोडल्या की लाटा पडलेल्या असतात. आपल्या आयांनी हे केले आहे. निदान कपाळावरच्या आणि कानापुढच्या बटांना तरी एवढेच पुरे. मागच्या केसांना चिमटा लावायला हरकत नाही, ते पापणीपासून लांब आहेत.

तरीही पुढची बट चिमट्याने वळवायचीच असेल तर ती आधी बाजूला, कानाकडे ओढून घ्यावी आणि तोंडापासून लांब धरून वळवावी. चिमट्याचे टोक डोळ्याकडे नसावे. मध्ये आडोसा धरावा. त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. घरात लग्नपत्रिका उरलेल्या असतातच. जाड पत्रिका कपाळाला आडवी लावून धरली की डोळ्यावर छान छप्पर होते. पत्रिका करवलीने धरावी, नवरीने नव्हे. नवरीचा हात हलतो. नवरीने डोळे खाली ठेवावे, घट्ट मिटू नयेत. घट्ट मिटल्याने खालच्या आणि वरच्या पापण्या गुंततात.

केस ओले असताना किंवा तेल-सिरम ताजे असताना चिमटा लावू नये. चर्र आवाज येतो आणि वाफेचा लोट सरळ वर जातो. ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवून, निदान वीतभर लांब आणि मागच्या बाजूने मारावा. समोरून तोंडावर मारला तर डोळे कोरडे पडतात. लांब पापणीने हे अधिकच होत असावे असे मला वाटते. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की डोळ्यावर येणारा वारा आणि धूळ सर्वांत कमी राहते, असे त्यांना आढळले. त्याहून लांब पापणी असली की ती वाऱ्याला आत वाट करून देते. आपल्या खिलारी बैलाच्या पापण्या पाहा, देवाने माप बरोबर घेतले आहे. म्हणून पार्लरमध्ये लांबी निवडताना सगळ्यात लांबची निवडू नये. लांब केस धगीच्याही जवळ जातो आणि स्वतःच्या पापणीवर भारही टाकतो.

केसांवर फवारा मारतात तो पेट घेणारा असतो. समई, निरांजन, उदबत्ती जवळ असताना तो मारू नये, आणि मारल्यावर लगेच होमाला बसू नये. लाजाहोमात नवरी लाह्या टाकायला पुढे वाकते, त्याच वेळी तुपाने ज्वाळा उठते. भटजींना आधी सांगून ठेवावे, ते तूप बेताने सोडतात. नवरीने पाठ ताठ ठेवून हात लांब करावा, मान पुढे नेऊ नये. शालूचा पदर आणि मुंडावळ्यांचे गोंडे भावाने मागून धरावे. नाही तरी तो लाह्या द्यायला जवळ असतोच.

मग येतो सासरचा दुसरा दिवस. पोळ्या नवरीने कराव्या म्हणतात आणि कौतुकाने सगळे भोवती बसतात. चुलीत फुंकणी घालून फुंकताना तोंड चुलीच्या तोंडासमोर येते. जाळ एकदम भडकला तर पापणी सर्वांत आधी सापडते. गॅस पेटवतानाही वाकू नये. आधी काडी पेटवून हात लांब ठेवूनच बटण फिरवावे. कुकरची वाफ आणि भाताच्या पातेल्याचे झाकण हेही तसेच. झाकण आपल्या अंगाकडे उघडले तर वाफ सरळ तोंडावर येते, पलीकडच्या बाजूने उघडले तर वाफ पलीकडे जाते. मुलीच्या आईने हे विहिणीला आधीच मोकळेपणाने सांगावे, की हिच्या पापण्या लावलेल्या आहेत, चार दिवस चूल दुसरीने पेटवावी. लाजून गप्प बसण्यात काय मिळते? थोरल्या जावेला सांगितले तर ती नक्की सांभाळून घेते. तीही कधी नवी होतीच.

इतके करूनही एखादी पापणी आक्रसली तर ती ओढू नये. चिकटवलेला केस आपल्या केसाला धरून असतो, तो ओढला की आपलाही मुळासकट येतो. जिने लावली तिच्याकडून योग्य द्रावणाने काढून घ्यावी. घरी कात्रीने छाटणे तर मुळीच नको.

धगीचा चटका पापणीच्या कातडीला किंवा डोळ्याला बसला तर मात्र पार्लरचा विचार सोडून द्यावा. स्वच्छ, साध्या गार पाण्याची बारीक धार वीस मिनिटे सोडावी. बर्फ, तूप, हळद, दंतमंजन, काही लावू नये. प्लास्टिक वितळून कातडीला चिकटले असेल तर ते उपटू नये. नंतर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. डिंक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे. पापण्या चिकटल्या तर बळाने उघडू नयेत, ओले स्वच्छ फडके वर ठेवून तसेच दवाखान्यात जावे. डोळा लाल राहिला, उजेड सोसेना, धुरकट दिसू लागले तर "मांडवातली जाग आहे, उतरेल" म्हणून दिवस घालवू नये. मांडव परतणीला एक दिवस उशीर झाला तरी चालतो.

सगळे ठीक असले तर चिकटवलेल्या पापण्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात, कारण आपली पापणी रोज एक-दोन गळतच असते आणि चिकटलेल्या केसाला बरोबर घेऊन जाते. आरशात मध्ये मध्ये जागा दिसली तर घाबरू नये. आपला केस पुन्हा येतो, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ घेतो. तेवढ्या दिवसांत पहिला दिवस सोडून रोज स्वच्छ पाण्याने कडा हलक्या हाताने धुवाव्या. "पापण्या पडतील" या भीतीने पाणीच न लावणाऱ्या मुलींच्या कडांना खपल्या आणि सूज येते. घरच्या तुपाचे किंवा एरंडेलाचे काजळ तेवढे दिवस नको, तेलकट आहे. पापण्या गळून गेल्या की मग खुशाल घालावे.